एक पुडी, एक लिटर पाणी: जलसंजीवनीच्या पाकिटाचे परीक्षण

२०२५ च्या जुलैमध्ये माझी साडेतीन वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आलेली असताना तिला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत पाच-सहा वेळा पातळ शौचास झाले, दोन उलट्या झाल्या आणि संध्याकाळी तिचे ओठ सुकलेले व डोळे खोल गेलेले दिसू लागले. बालरोगतज्ज्ञांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती परत जागेवर किती वेळात जाते ते पाहिले आणि सांगितले की सलाईन लावण्याची वेळ आलेली नाही, जलसंजीवनी द्या, घाई न करता थोडी थोडी द्या आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस चालू ठेवा. त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरात त्या एका पाकिटाभोवती फिरत होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलातून पदार्थ आतबाहेर कसे जातात हा भाग बेदाणे पाण्यात फुगवून आणि मिठाच्या पाण्यात पुन्हा आक्रसवून वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. तोच भाग चमच्याने घरातल्या मुलाच्या पोटात उतरताना पाहिल्यावर या वस्तूचे परीक्षण नीट, सविस्तर लिहावे असे वाटले.

परीक्षण कोणत्या वस्तूचे आहे ते आधी स्पष्ट करते. आपल्याकडे दुकानात ‘इलेक्ट्रलची पुडी द्या’ असे म्हणण्याची इतकी सवय आहे की ते नाव कोणत्याही कंपनीच्या पुडीसाठी वापरले जाते. मी इथे एखाद्या कंपनीची तुलना दुसरीशी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे भरलेली, एक लिटर पाण्यात विरघळवायची पुडी, मग ती औषधाच्या दुकानातून वीस-पंचवीस रुपयांना आणलेली असो किंवा आशाताईंनी घरी आणून दिलेली असो, हा माझा विषय आहे. या पुडीत चारच द्रव्ये असतात: साधे मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज साडेवीस ग्रॅम होते. संत्र्याचा वास आणि रंग घातलेल्या पुड्यांचे वजन थोडे जास्त भरते, परंतु औषध म्हणून जे काम होते ते या साडेवीस ग्रॅमचेच असते.

आता हे काम होते कसे, यावर थोडे थांबायला हवे, कारण पुडीची पारख त्याशिवाय करता येत नाही. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरातील प्रत्येक पेशीभोवती मेद-रेणूंचे दुपदरी पटल असते. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान, विद्युतभार नसलेले रेणू त्या पटलातून विसरणाने आरपार जातात. सोडिअमच्या आयनावर विद्युतभार असतो आणि ग्लुकोजचा रेणू मोठा व पाण्यात रमणारा असतो, त्यामुळे मेदाच्या या थरातून दोघांनाही आपापल्या बळावर वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात. पुडीच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले दार असे आहे की ते दोन सोडिअम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकाच फेरीत सोबत आत घेते. ग्लुकोज नसेल तर या वाटेने सोडिअम आत येत नाही, आणि सोडिअम नसेल तर ग्लुकोज बाहेरच राहते.

हे दार चालवण्याची शक्ती पेशीच्या दुसऱ्या बाजूने, रक्ताकडच्या पटलातून येते. तिथे सोडिअम-पोटॅशिअम पंप अखंड चालू असतो. पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च करून तो तीन सोडिअम आयन पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आयन आत ओढतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडिअम नेहमीच कमी राहते आणि आतड्याच्या पोकळीतले सोडिअम आत येण्यासाठी उतारावरच्या पाण्यासारखे धावते. त्या धावेचा आधार घेऊन ग्लुकोज चढावर चढते. या पंपाचा शोध डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये लावला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सोडिअम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. सोडिअम आणि ग्लुकोज पेशीच्या पलीकडे पोहोचले की त्यांच्या मागोमाग परासरणाने पाणी जाते. म्हणजे मुलाला हवे असते पाणी, पण पाण्याला ओढून नेणारा पंप पाण्यासाठी बनलेलाच नाही. मीठ आणि साखर पुढे गेली तरच पाणी त्यांच्या मागे जाते. नुसते पाणी कितीही पाजले तरी जुलाबात ते पुरेसे का पडत नाही, याचे उत्तर इथे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे दार आजारातही उघडे राहते. पटकीचे (कॉलराचे) विष आतड्याच्या पेशीत शिरून क्लोराइडचा मार्ग सताड उघडा ठेवते. क्लोराइड बाहेर पडते, त्यामागे सोडिअम जाते आणि त्यामागे पाणी. पटकीच्या गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. हे सगळे चालू असताना सोडिअम-ग्लुकोजचे जोडदार, म्हणजे दोघांना जोडीने आत घेणारे ते दार, मात्र विषाच्या तावडीत सापडत नाही. एका दाराने पाणी वाहून जात असताना दुसऱ्या दाराने ते आत घेता येते, आणि पुडी फक्त एवढेच करते. म्हणून ती जुलाब थांबवत नाही. आमच्या शेजारच्या आजींनी दुसऱ्या दिवशी विचारले, “अगं, एवढं पाणी पाजतेस आणि जुलाब तर चालूच आहेत, मग उपयोग काय त्याचा?” त्यांच्या प्रश्नात कोणाचाच दोष नव्हता. जुलाब किती वेळा झाले यावर या पुडीचा निकाल लावायचा नसतो. मूल लघवीला किती वेळा गेले, तोंडात लाळ आली का, रडताना डोळ्यांत पाणी आले का, हे पाहायचे असते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीने लघवी झाल्याचे सांगितले, तेव्हा तिच्या आईला मी झोपेतून उठवून ते सांगितले.

या पुडीचा इतिहास मी वर्गात सांगते तेव्हा मुले पुस्तक मिटून ऐकतात. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या प्रौढ रुग्णांवर तोंडावाटे देण्याच्या द्रावणाचा यशस्वी वापर केला. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून पटकीचे सौम्य रुग्ण बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते, पण त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. खरी कसोटी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे लागली. बांगलादेश मुक्तियुद्धातले लाखो निर्वासित सीमेपलीकडून आले होते, छावण्यांत पटकी पसरली होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्यांत भरून घेतला, पिंपांत द्रावण तयार करवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. ज्या छावण्यांत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेले होते, तिथे त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते चार टक्क्यांच्याही खाली आले. प्रशिक्षित परिचारिका नसतानाही आई, भाऊ, शेजारी हे औषध देऊ शकतात, ही त्यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट आहे. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. त्यांचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

आजची पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पुडीहून दोन बाबतींत वेगळी आहे. सोड्याऐवजी १९८० च्या दशकात सायट्रेट आले, कारण दमट आणि उष्ण हवेत सोड्याची पुडी लवकर खराब होत असे. दुसरा बदल २००२ मधला आणि जास्त मूलगामी आहे. जुन्या सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम आणि मीठ साडेतीन ग्रॅम असे, आणि द्रावणाची परासारिता, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेल्या कणांचे माप, ३११ येई. नव्या सूत्रात ती २४५ आहे. आपल्या रक्ताची परासारिता २९० च्या जवळपास असते. बेदाण्यांचा प्रयोग आठवावा: बाहेरचे द्रावण आतल्यापेक्षा घट्ट असेल तर पाणी बाहेर ओढले जाते, पातळ असेल तर आत शिरते. जुने द्रावण रक्तापेक्षा किंचित घट्ट होते, नवे पातळ आहे, आणि त्यात सोडिअम व ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल अशा समसमान प्रमाणात आहेत. मुलांवरच्या चाचण्यांत नव्या सूत्रामुळे नंतर सलाईन लावावे लागण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, शौचाचे प्रमाण आणि उलट्याही कमी झाल्या. साखर वाढवली की ताकद वाढेल, हा आपला नेहमीचा हिशेब इथे पूर्णपणे उलटा पडतो.

याच ठिकाणी माझी सर्वांत गंभीर तक्रार येते, आणि ती पुडीबद्दल नसून तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयांबद्दल आहे. त्या संध्याकाळी मी घाईत दुकानात जाऊन ‘ओआरएस द्या’ (जलसंजीवनीचे इंग्रजी लघुनाव, ORS) एवढेच म्हटले, आणि समोरच्या मुलाने शीतपेटीतून फळांच्या स्वादाचा एक तयार कागदी डबा काढून दिला. त्यावर ती तीन अक्षरे ठळक होती. घरी येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा ते जुलाबासाठीचे औषध नसल्याचे तिथेच छापलेले आढळले. साधे गणित करून पाहावे. शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅम साखर असलेले कोणतेही गोड पेय घेतले, तर लिटरला शंभर ग्रॅम साखर झाली. एवढ्या साखरेची परासारिता तीनशेच्या जवळ जाते, आणि आतड्यात तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे झाले की ती जवळजवळ दुप्पट होते. असे द्रावण आतड्यात गेले की पाणी शरीरातून आतड्याकडे ओढले जाते. जुलाब झालेल्या मुलाला आपण हौसेने, ते आवडीने पिते म्हणून, नेमके उलटे औषध देत असतो. मी परत जाऊन पुडी आणली.

त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ही तीन अक्षरे वापरण्यास मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी अनेक वर्षे लढा दिला होता. तरीही माझी सूचना आहे की दुकानात नाव सांगण्याऐवजी ‘एक लिटरची, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी द्या’ असे म्हणावे आणि हातात आल्यावर मागच्या बाजूला ग्लुकोज १३.५ ग्रॅम लिहिले आहे का ते तिथेच पाहावे.

पुडी प्रत्यक्ष वापरतानाचा अनुभव असा. पाणी उकळून गार केले आणि स्टीलच्या पातेल्यात मोजून एक लिटर घेतले. पूर्ण पुडी एकदम ओतली. पांढरी भुकटी तळाशी बसली, चमच्याने ढवळल्यावर अर्ध्या मिनिटात दिसेनाशी झाली आणि पाणी जवळजवळ स्वच्छ राहिले. चव अश्रूंइतकी खारट नसावी, हा जुना नियम पाळून मी आधी स्वतः चाखले. किंचित गोड, किंचित खारट आणि शेवटी सायट्रेटची आंबूस छटा, अशी ती चव लागते. भाचीने पहिला चमचा तोंडात घेऊन “मावशी, हे नको, सरबत दे” असे म्हटले आणि तोंड फिरवले. कपाने पाजण्याचा प्रयत्न केला तेव्हा ती घटाघट प्यायली आणि दहा मिनिटांत उलटली. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटे थांबून घड्याळाकडे पाहत दर मिनिटाला एक चहाचा चमचा दिला. हे काम कंटाळवाणे आहे, हात दुखतो आणि चमच्यामागून चमचा देताना गोष्टी संपतात, परंतु पोटात राहते. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर शंभर ते दोनशे मिलिलिटर आणि त्याहून लहान मुलाला पन्नास ते शंभर मिलिलिटर, असे प्रमाण आहे. तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे लागते. गार केल्यावर भाचीने ते जास्त सहज घेतले, हे नमूद करण्यासारखे आहे.

दोष सांगायचे तर पहिला दोष लिटरचा आहे. किती घरांत एक लिटर नेमके मोजता येईल असे भांडे असते? पाण्याच्या बाटलीवर एक लिटर छापलेले असले तरच ती उपयोगी पडते, आणि तांब्या-पेला या मापांनी अंदाज चुकतो. दोनशे मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. दोन्ही एकाच घरात असल्या की मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवण्याची चूक सहज होऊ शकते. तसे झाले तर द्रावण पाचपट घट्ट होते आणि रक्तातले सोडिअम धोकादायक वाढू शकते. उलट, पुडी पुरवून वापरावी म्हणून दोन लिटर पाण्यात घातली तर जोडदाराला पुरेसे सोडिअमच मिळत नाही. या वस्तूत प्रमाण हेच औषध आहे, आणि मला मिळालेल्या पाकिटावर हे प्रमाण मराठीत कुठेही लिहिलेले नव्हते. इंग्रजी व हिंदी सूचना इतक्या बारीक होत्या की मला भिंगाची आठवण झाली. आशाताईंकडून मिळालेल्या पाकिटावर निदान चित्रे होती, आणि ती चित्रे मला कोणत्याही छपाईपेक्षा उपयोगी वाटली. उत्पादकांनी पाकिटाच्या दर्शनी भागावर एक लिटरच्या भांड्याचे मोठे चित्र आणि ‘पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर’ एवढे पाच शब्द मराठीत छापावेत.

दुसरा दोष लहान आहे. पावसाळ्यात पाकिटाला सूक्ष्म छिद्र जरी पडले तरी आतल्या भुकटीच्या गुठळ्या होतात. आमच्याकडच्या एका जुन्या पाकिटाचे तसे झाले होते आणि ते मी वापरले नाही.

पुडी नसेल तर घरी लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्रावण करता येते, परंतु चमच्याचे माप घरोघरी बदलते आणि त्यात पोटॅशिअम नसते, म्हणून ते पुडी मिळेपर्यंतचेच साधन समजावे. मीठ घातलेली भाताची पातळ पेज मात्र मला शास्त्राच्या दृष्टीनेही फार आवडते. भातातील पिष्टाचे रेणू प्रचंड मोठे असल्याने पेजेची परासारिता कमी राहते, आणि आतड्यात त्यांचे हळूहळू ग्लुकोज होत जाते, म्हणजे जोडदाराला सावकाश पण भरपूर ग्लुकोज मिळत राहते. कोकणात आजारी माणसाला पेज देण्याची पद्धत आहे. तिच्यात मीठ घातले की आतड्यातल्या या दाराला हवे असलेले दोघेही त्या वाडग्यात येतात.

ही पुडी कोणासाठी पुरेशी नाही, तेही लिहिणे आवश्यक आहे. मूल गळून गेले असेल, हाका मारल्यावर डोळे उघडत नसेल, काहीच पिऊ शकत नसेल, शौचातून रक्त जात असेल किंवा आठ तासांत लघवी झाली नसेल, तर चमचा खाली ठेवून रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तींनी त्यातील ग्लुकोज लक्षात घेऊन डॉक्टरांना विचारावे. आणि अत्यंत क्वचित, जन्मतःच हे जोडदार बिघडलेली बाळे असतात. त्यांना ग्लुकोजमुळेच जुलाब होतात आणि ही पुडी त्यांचे जुलाब वाढवते. अशा बाळांचा आजार जगात फार थोड्यांना असतो, पण त्यांच्याकडे पाहिल्यावर बाकी सर्वांच्या आतड्यात ते एक प्रथिन किती निमूटपणे काम करते ते समजते.

तिसऱ्या दिवशी भाचीने मऊ वरणभात मागितला आणि दुपारी ती अंगणात खेळायला गेली. झिंक आम्ही चौदा दिवस पूर्ण केले. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, मी आता एक लिटरच्या चार पुड्या हवाबंद डब्यात ठेवते, डब्याच्या झाकणावर मापाची बाटली कोणती ते चिठ्ठीवर लिहिले आहे, आणि मृग लागण्याआधी त्यांच्या मुदतीच्या तारखा तपासते.